नलिनी तेंडोलकरचा अठरावा प्रश्न

"पावडरचं नंतर सांगते. आधी गाण्याचं सांगू का?" मुलुंडच्या मालन काणेकर दारातच म्हणाल्या, आणि मला वाटलं मी चुकून भलत्याच घराची बेल दाबली.

एकोणीसशे शहाऐंशीचा नोव्हेंबर होता. अंधेरीतल्या एका मार्केट रिसर्च कंपनीत मी तपासनीस होते. आमच्या मुली घरोघर जाऊन कपडे धुण्याच्या पावडरबद्दल सतरा प्रश्न विचारायच्या आणि फॉर्म भरायच्या. मग दर दहा घरांतलं एक घर मी निवडायचे, तिथे जायचे आणि खात्री करून घ्यायचे की मुलगी खरंच आली होती, बसस्टॉपवर बसून मनानेच फॉर्म भरलेला नाही. आपल्याच माणसांवर पाळत ठेवायचं काम. कँटीनमध्ये मी टेबलाशी गेले की बोलणं थांबायचं.

"कसलं गाणं?" मी विचारलं.

"त्या तुमच्या नलिनीबाईंनी वाजवलं ते. पिशवीतून टेप काढला ना त्यांनी. मला विचारलं, कसं वाटलं? मी म्हटलं, बरं आहे. पण ते खरं नव्हतं. मला अजिबात आवडलं नाही, लिहून घ्या." मालनबाईंनी मला आत घेतलं. "आणि हेही लिहा की परवापासून पोळ्या लाटताना माझा हात त्याच्यावरच चालतो. सहापर्यंत सरळ जातं, सातव्याला पोळी भलतीकडे. मिस्टर विचारतात, आज नकाशे केलेस का? आता हे डोक्यातून काढायचं कसं, ते विचारा त्यांना."

मी पावडरचे प्रश्न तपासले. उत्तरं बरोबर होती. बाई खरंच आली होती, खरंच सतरा प्रश्न विचारले होते. आणि मग एक अठरावा.

पुढचं घर शरच्चंद्र गुप्ते यांचं. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे गृहस्थ. त्यांनी माझ्यापुढे एक कागदच ठेवला. "कॅसेट त्या दोन दिवस ठेवून गेल्या होत्या. मी घड्याळ लावून ऐकली. पहिली चार मिनिटं काही म्हणजे काही होत नाही. लाटा, आणि मागे कुठेतरी एक तार. चार मिनिटं म्हणजे थोडी नाहीत हो. एवढी वाट पाहायला लावली तर माणसाला काहीतरी मिळालं पाहिजे."

"मग मिळालं का?"

"मिळालं," ते म्हणाले. "पण मी दुसरा कोणी असतो तर तोवर उठून गेलो असतो. हे ज्याने केलंय त्या मुलाला कळवा."

तिसऱ्या दिवशी बोरिवलीला प्रेमा नावाच्या एका तरुण बाईने सांगितलं की टेप सुरू झाल्यावर तिच्या सासूबाई उठल्या, देवापुढे उदबत्ती लावली आणि संपेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. "चांगलं वाटलं म्हणून की वाईट?" मी विचारलं. "तेच त्या सांगत नाहीत ना," प्रेमा म्हणाली.

मी चिडले होते आणि घाबरलेही होते. फॉर्मवर बाहेरचा एक शब्द विचारायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. आणि तपासणीची सही माझी.

नलिनी तेंडोलकर तेव्हा छत्तीस वर्षांची होती. उंच, काटक, पदर कमरेला खोचलेला. बाकीच्या मुली दिवसाला सहा घरं करायच्या, ही नऊ. कँटीनमध्ये चहा उभ्यानेच प्यायची आणि पिता पिता जिन्याकडे बघत राहायची. लग्न केलं नव्हतं. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, ते गेले तेव्हा ही चोवीस वर्षांची आणि धाकटा भाऊ चौदाचा. एवढंच मला ठाऊक होतं.

तिला मी ऑफिसच्या जिन्यावर गाठलं. "नलिनी, मी मुलुंडला जाऊन आले. बोरिवलीलाही."

तिचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. तिने माझं मनगट धरलं. "गुप्त्यांकडे गेलीस? काय म्हणाले? दुसरी बाजू ऐकली का गं त्यांनी?"

"अगं, नोकरी जाईल तुझी! आणि माझीही."

"हो, ते आहेच. पण काय म्हणाले ते सांग ना आधी."

मी सांगितलं. तिने पर्समधून जुन्या रद्द फॉर्मांचा एक गठ्ठा काढला आणि त्यातल्या एकाच्या पाठीवर जिन्याच्या कठड्यावर टेकून लिहून घेतलं. चार मिनिटं, लाटा, वाट पाहायला लावणं. मालनबाईंच्या पोळ्यांचं ऐकून ती मोठ्याने हसली. मग तिथेच उभ्या उभ्या तिने मला सगळं सांगितलं.

भावाचं नाव बाळ. मरोळच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. गिटार वाजवायचा. परदेशातल्या रेकॉर्डी कुठून कुठून मिळवून ऐकायचा. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याला. "प्रोग्रेसिव्ह म्हणजे काय, तर लांब," नलिनी म्हणाली. "एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं." तसंच काहीतरी, पण आपल्या गावाचं करायचं असं त्याच्या डोक्यात बसलं. मुंबई पूर्वी सात बेटं होती, मधली खाडी बुजवून त्यांची एक केली, त्याची कथा. पहिल्या बाजूला सुटी बेटं, दुसऱ्या बाजूला भराव. शब्द जेमतेम आठ ओळी, बाकी सगळं वाद्यांवर. अल्बमचं नावच 'भराव'. खंडू नावाचा त्याचा मित्र ड्रम्स वाजवायचा, मढचा एक ओळखीचा कीबोर्डला. जाहिरातींची गाणी करणाऱ्या एका स्टुडिओत सुटीच्या दिवशी जागा मिळायची, तेवढ्यात दोन वर्षं त्यांनी ते रेकॉर्ड केलं. शेवटी शेवटी बाळने नोकरीही सोडली. शंभर कॅसेटी काढल्या.

"मग?"

"मग काही नाही. तेच तर. वर्तमानपत्रांना पाठवली, कोणी शिवीसुद्धा दिली नाही. वांद्र्याच्या एका दुकानाने दहा ठेवून घेतल्या आणि महिन्याने नऊ परत केल्या. दहावी हरवली म्हणे. तिथेच एकाने, इंग्रजी रॉक ऐकणाऱ्याने, बाळला सांगितलं, छान आहे यार, पण बाहेरच्यांनी हे पंधरा वर्षांपूर्वी करून सोडून दिलं. त्या दिवसापासून हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. जेव म्हटलं की जेवतो. आई रडते."

तेव्हा नलिनी पहिल्यांदा खोटं बोलली. घरी जाऊन म्हणाली, आमच्या ऑफिसातल्या एकीने तुझी कॅसेट ऐकली, तिला फार आवडली. बाळ उठून बसला. कुठला भाग? मधला, असं ही म्हणाली. मधला म्हणजे बेटं बुडतात तो, की बासरी आहे तो? बुडतात तो. त्या रात्री तो नीट झोपला. मग रोज एक खोटं माणूस. पण बाळ खोदून खोदून विचारायचा. ते माणूस काय करतं, पुन्हा ऐकलं का, हे सांगताना हसत होतं का? पंधरा दिवसांत हिची माणसं संपली.

"म्हणून मग खऱ्या माणसांना विचारायला लागले," नलिनी म्हणाली. "रोज नऊ दारं उघडतातच माझ्यासाठी. एक प्रश्न जास्त."

"वाईट बोलतात तेही त्याला सांगतेस?"

"सगळं सांगते. खोट्यात मी नुसती चांगली मतं दिली होती, त्याला संशय यायला लागला होता. पहिलं वाईट आलं तेव्हा त्याला खरं वाटलं." ती जिना उतरायला लागली, दोन पायऱ्या परत वर आली. "पण आता मस्कतच्या एका कंपनीसाठी एजंटकडे इंटरव्ह्यू देऊन आलाय. तिकडे गेला की संपलं. गिटार माळ्यावर टाकतो म्हणतो."

मी तिला बजावलं की हे थांबलं पाहिजे. तिने गळ्याला हात लावून शपथ घेतली. मी मुलुंड आणि बोरिवलीच्या फॉर्मांवर 'ठीक' लिहून सही केली. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटी सही केली, आणि घरी जाताना मला सारखं वाटत राहिलं की रस्त्यावरची माणसं माझ्याकडे बघतायत.

तिने मला एक कॅसेट दिली होती. मी ती तीनदा लावली आणि तिन्ही वेळा मध्येच बंद केली. वाईट नव्हती. ती ऐकताना मला घरात बसवत नव्हतं, उठून कुठेतरी जावंसं वाटायचं आणि कुठे ते कळायचं नाही. हे मत मी नलिनीला सांगितलं नाही.

जानेवारीत घाटकोपरचं काम आलं. भटवाडीत माझ्या वाट्याला आलेल्या घराचं दार एका पन्नाशीच्या माणसाने उघडलं. जयवंत परब. गिरणीत साचेवाले होते, म्हणजे कापडाचे माग चालवायचे. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नव्हती. बायको खानावळीसाठी चपात्या करायची, ते कुठे मिळेल ते काम. मी काही विचारायच्या आत, माझ्या हातातला फॉर्म बघून म्हणाले, "बाये, तू त्या टेपवालीची मैतरीण मा?"

मी डोळे मिटले. म्हणजे शपथ मोडली होती.

"मग तिका सांग. ती घाईत गेली, माका बोलाक गावला नाय. पयली बाजू बरी आसा. वेगवेगळी बेटां, मधी पाणी, सगळा कळता. दुसरे बाजूक भराव घालतत ना, थय गडबड आसा."

"काय गडबड?"

"काय गडबडच नाय, हीच गडबड." ते उंबऱ्यावर बसले. "सोळा वर्षां साचे चालवलंय. खात्यात तीनशे साचे एकदम चालत. नव्या माणसाक वाटता, येकच आवाज. पण त्यात कुठे धागो तुटता, कुठे धागो नेणारो धोटो अडकता, येक साचो बंद पडता. आणि साचेवाल्याक तो बंद पडलेलोच पयलो ऐकाक येता. आता हय समुद्र बुजवतत. एवढा मोठा काम. आणि कोणाचा हात चेंगरत नाय? कोण दमत नाय? सगळा कसा गुळगुळीत. ता खोटा वाटता माका. भावाक सांग तिच्या. आठवणीन सांग."

मी हो म्हटलं. पण मी नलिनीला भेटलेच नाही. शपथ मोडली म्हणून राग होता, आणि तिला भेटलं की पुन्हा काहीतरी लपवावं लागेल ही भीती.

लपवायची वेळ दुसऱ्याच बाजूने आली. आमचे फील्ड सुपरवायझर शिवदास नाईक यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुढ्यात घाटकोपरचे फॉर्म होते. सतरावा प्रश्न असा असायचा की उत्पादनाबद्दल आणखी काही सांगायचे आहे का. शिवदास सर एकेक वाचत होते. "'सुरुवातीला जोर आहे, शेवटी थकतं.' पावडर थकते? हे बघ, 'दुसरा भाग लांबला.' आणि हे, 'एकटं असताना लावू नये.' पावडर कंपनीच्या साहेबांनी मला फोनवर हे वाचून दाखवलं कुंदा, आणि विचारलं, याचा अर्थ काय?"

घाईत नलिनीने गाण्यावरची मतं चुकून पावडरच्या फॉर्मवर लिहिली होती. अकरा फॉर्मांवर. आणि मी ते न वाचताच सही केली होती.

"तपासणीची सही तुझी आहे. काय प्रकार आहे हा?"

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. घरात मी एकटी मिळवती होते. हे मी माझी बाजू मांडायला सांगत नाही, त्या क्षणी डोक्यात हेच आलं म्हणून सांगते. मी म्हणाले, "नलिनी घरोघर कसलीतरी कॅसेट वाजवते असं आता कानावर आलंय. मला आधी काही माहीत नव्हतं."

त्याच दुपारी नलिनीला काढलं. ती पर्स घेऊन माझ्या टेबलाजवळून गेली, हात केला, आणि खाली उतरली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज नेहमीसारखाच भरभर गेला.

पुढचे सहा दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. मी लोकांच्या दारात उभी राहून खरंखोटं तपासत होते आणि पावडरचं नाव मध्येच विसरत होते. सातव्या दिवशी संध्याकाळी मी चकाल्याला तिच्या घरी गेले.

दोन खोल्या. तिच्या आईने, विमलाबाईंनी दार उघडलं. आत बाळ आणि खंडू जमिनीवर बसले होते आणि मध्ये त्या रद्द फॉर्मांची चळत होती. दोनशेच्या वर मतं झाली होती. नलिनी खिडकीत उभी राहून भाजी निवडत होती.

"नलिनी, मी शिवदास सरांना..." मी सुरुवात केली.

"माहीत आहे. त्यांनी मलाही विचारलं, कुंदाला ठाऊक होतं का? मी नाही म्हटलं." ती देठ मोडत राहिली. "दोघींचं एकच निघालं, बरं झालं. नाहीतर दोघींची वाट लागली असती. बस ना."

मला रडू आलं. विमलाबाईंनी पाणी दिलं. कोणी माझी समजूत काढली नाही. रडून झाल्यावर मी म्हणाले की माझ्याकडे एक मत राहून गेलंय, आणि जयवंतरावांचं सगळं बोलणं जसं आठवलं तसं सांगितलं.

बाळ सव्वीस वर्षांचा असेल. बारीक, दाढी वाढलेली. तो ऐकताना मान हलवत होता, आणि मध्येच थांबला. "त्याला म्युझिकमधलं काय कळतं?" तो म्हणाला. "दुसरी बाजू स्वच्छ वाजवायला आम्हाला सात महिने लागलेत. सात महिने!"

"तेच तर म्हणतोय तो," खंडू म्हणाला.

"काय तेच तर?"

"तिसऱ्या टेकला माझी काठी निसटली होती. दोन मात्रा गेल्या. तू वळून बघितलंस, तुझीही तार चुकली, आणि आपण तसेच ओढत नेलं. ऐकून अंगावर काटा आला होता यार. मी म्हटलं, हे ठेव. तू कापलंस."

"चूक होती ती."

"चूक होती. ठेवायची होती."

बाळ उठला आणि दोन खोल्यांत येरझारा घालायला लागला. खिडकी, दार, खिडकी, दार. नलिनीही त्याच्याबरोबर मान फिरवत होती. शेवटी तो म्हणाला, "त्या टेकची मूळ टेप, तो स्पूल, असेल का रे स्टुडिओत?" खंडू खाली वाण्याकडे फोन करायला धावला. दहा मिनिटांनी परत आला तो चेहरा पाडून. "त्या स्पूलवर केसांच्या तेलाची जाहिरात भरली."

कोणी हसलं नाही. बाळ भिंतीला टेकून बसला. मग अचानक म्हणाला, "ताई, तो माणूस कुठे राहतो? मला घेऊन चल."

रविवारी सकाळी आम्ही चौघं भटवाडीला गेलो. मस्कतचं पत्र शुक्रवारीच आलं होतं. एप्रिलमध्ये हजर व्हायचं होतं.

जयवंतरावांनी आम्हाला मित्रमंडळाच्या खोलीत नेलं. सतरंजी घातली. शेजारपाजारचे दहा-बारा लोक आले, काही कामधंद्याविना घरी बसलेले साचेवाले, काही बायका. ड्रम्स आणणं शक्य नव्हतं. खंडूने मंडळाची ढोलकी घेतली आणि एक पत्र्याची ट्रंक उलटी घातली. बाळने साधी गिटार आणली होती.

त्यांनी भरावाचा भाग वाजवायला सुरुवात केली. सात-सात मात्रांचं एकसारखं चाललेलं काहीतरी, चढत चढत जाणारं. मध्येच खंडूने हात उचलला, दोन मात्रा सोडल्या आणि पुन्हा धरलं.

"मुद्दाम केलंस," जयवंतराव म्हणाले.

खंडू ओशाळला. परत सुरू केलं. या वेळी त्याने काही सोडलं नाही, सगळं सरळ गेलं. जयवंतराव जमिनीकडे बघत राहिले. बाळने कपाळ पुसलं आणि तिसऱ्यांदा सुरू केलं, जरा जास्तच जलद. खूप जलद. अर्ध्या वाटेवर खंडूच्या हाताखालची ट्रंक सरकली. तो धडपडला, ठेका गेला. बाळने दचकून वर बघितलं, त्याचं बोट भलत्या तारेवर पडलं. पण दोघं थांबले नाहीत. बाळ एकाच स्वरावर अडून राहिला, खंडू येईपर्यंत, आणि खंडू धापा टाकत आला. तिथून पुढे ते दोघं जे वाजवत होते ते आधीचंच होतं, पण आता त्याचं ओझं जाणवत होतं. मी मांडीखाली हात दाबून बसले होते.

संपल्यावर जयवंतराव म्हणाले, "हां. आता कोणतरी दमलो."

"काय पण!" त्यांची बायको म्हणाली. "मला तर पहिलंच बरं वाटलं. नीट चाललेलं कशाला बिघडवायचं? दिवसभर बिघडलेलंच बघतो ना आपण?"

"तुका नाय कळूचा."

"मला कळत नाही? चपात्या मी लाटते रोज दोनशे. हात दुखतो तो माझा. गाण्यात तरी नको दुखूदे."

आणि मग जी जुंपली! एक साचेवाला म्हणाला, दोन्ही ठेवा, आधी हे मग ते. दुसरा म्हणाला की मुळात त्याला समुद्र ऐकूच आला नाही, ट्रक ऐकू आले. एक बाई म्हणाली, शब्द घाला, त्याशिवाय कोणाला कळणार? पाऊण तास ते सगळे एकमेकांवर ओरडत होते आणि बाळकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. तो मांडीवर गिटार घेऊन एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. तो खूश होता की बेजार, मला सांगता यायचं नाही. त्याचा पाय मात्र सारखा हलत होता.

नलिनी खोलीत नव्हती. ती बाहेर सार्वजनिक नळाजवळ उभी होती, नळाची चावी उगाच घट्ट करत.

"आत ये ना," मी म्हटलं. "बघ तरी काय चाललंय."

"येते."

मला एकदम आठवलं की हे कोणी कधी विचारलंच नाही. "नलिनी, तुला कसं वाटतं ते? 'भराव'?"

तिने नळावरचा हात काढला. "मी ते पूर्ण ऐकलेलं नाही गं."

"म्हणजे? दोनशे घरांत वाजवलंस!"

"वाजवलं. पण ते सुरू झालं की मी समोरच्याच्या तोंडाकडे बघते. बाबा गेल्यापासून हेच. बाळच्या मास्तरांच्या तोंडाकडे बघ, डॉक्टरांच्या तोंडाकडे बघ, याचा पहिला पगार देणाऱ्या शेटच्या तोंडाकडे बघ. काय म्हणतील? बरं म्हणतील की वाईट? कानात काही शिरतच नाही. घरी एकदा लावून बसले होते एकटी. पाच मिनिटांत उठून रॉकेलच्या लायनीत उभी राहिले." ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "माझ्या भावाने काय केलंय ते मला माहीत नाही. सगळ्या मुंबईचं मत आहे माझ्याकडे."

आतून पुन्हा गिटार सुरू झाली. तिने कान दिला, आणि लगेच म्हणाली, "बघ बघ, जयवंतराव काय करतायत? मान हलवतायत का?"

बाळ एप्रिलमध्ये मस्कतला गेला. थांबावं असं त्याला वाटत होतं की नाही, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. गिटार माळ्यावर टाकली नाही, बरोबर नेली. भराव पुन्हा रेकॉर्ड झाला नाही. खंडू एका ऑर्केस्ट्रात लागला, लग्नांमध्ये वाजवायला लागला. पुढे तो मला एकदा भेटला तेव्हा म्हणाला, "झकास चाललंय," आणि मग म्हणाला की त्या रविवारी वाजलं तसं परत कधी वाजलं नाही. जयवंतराव दोन वर्षांनी मालवणकडे गावी परत गेले.

मी मे महिन्यात राजीनामा दिला. शिवदास सरांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "आता सांगून काय उपयोग?" त्यांचं बरोबर होतं. माझ्या जिवाला तेवढाच दिलासा मिळाला, नलिनीला तिची नोकरी मिळाली नाही. मी एका शाळेच्या कचेरीत लागले.

बाळ गेल्यावर नलिनी घरात टिकेना. विमलाबाई मला म्हणाल्या, "घरात बसत नाही आणि बाहेरही रमत नाही. मध्येच उठते आणि दार उघडून बघते. कोण आलंय विचारलं तर कोणी नाही." ते वर्ष तिने कसंबसं काढलं. मग एका औषध कंपनीच्या सर्व्हेत तिला काम लागलं, फिरतीचं. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या दवाखान्यांमध्ये जाऊन डॉक्टरांना प्रश्न विचारायचे. सोबत कोणी नाही, आठ-आठ दिवस बाहेर. मला वाटलं, दमेल. तिला ते मानवलं.

तिची पोस्टकार्डं यायची. अकोल्याहून, मग नांदेडहून, चिपळूणहून. अक्षर नेहमीचं, पळत पळत लिहिल्यासारखं. एकदा तिने लिहिलं की लातूरच्या एका लॉजमध्ये संध्याकाळी करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कॅसेट लावली आणि पहिली बाजू ऐकली. संपूर्ण. खाली दोन ओळी रिकाम्या होत्या, काहीतरी लिहायचं राहिल्यासारख्या. त्याच्याखाली घाईने लिहिलं होतं: 'उद्या पहाटे उदगीर. दुसरी बाजू बघू केव्हा ते. तू कशी आहेस? लगेच लिही.'

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. पण ते कुठल्या पत्त्यावर पाठवायचं हे तिने लिहिलंच नव्हतं, म्हणून ते विमलाबाईंकडे नेऊन दिलं.